आठ महिन्यांच्या वापरानंतर: वाय-फाय ६ राऊटर आणि हवेतली पाळी

गेल्या गणपतीनंतर आम्ही पुण्यातल्या आमच्या सदनिकेसाठी वाय-फाय ६ जातीचा नवा राऊटर घेतला. त्याला आता आठ महिने झाले आहेत. खोक्यावर ठळक अक्षरांत ३००० एमबीपीएस असे छापलेले होते. हा आकडा २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यावरचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यावरचे २४०२ यांची बेरीज करून काढलेला असतो. माझे इंटरनेट २०० एमबीपीएसचे आहे आणि घरातला कोणताही फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो, त्यामुळे त्या बेरजेचा मला काडीचाही उपयोग नव्हता. माझी अडचण वेगळीच होती. रात्री नऊच्या सुमारास स्पीड टेस्ट उत्तम येई, पण व्हिडिओ कॉलवर समोरच्याचे वाक्य मधेच तुटे आणि पिंग (संदेश जाऊन त्याचे उत्तर परत येण्याचा वेळ) ५ मिलिसेकंदांवरून १५०–२०० पर्यंत उडी घेई. नवा राऊटर आणल्यावर पहिला आठवडाभर तर काहीच फरक पडला नाही.

कारण शोधताना लक्षात आले की वाय-फायचा चॅनेल (पट्ट्याचा एक ठरावीक भाग) ही सामाईक मालमत्ता आहे आणि तिच्यावर एका क्षणी एकानेच बोलायचे असते. हवाई विद्यापीठातल्या नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने १९७१ साली अलोहा हे रेडिओ जाळे सुरू केले, तेव्हा कोणीही केव्हाही संदेश पाठवावा आणि टक्कर झाल्यास पुन्हा पाठवावा, असा साधा नियम होता. त्या पद्धतीत चॅनेलचा फार तर १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो. वाय-फाय त्याहून सभ्य आहे, ते आधी ऐकते. मूळ नियमानुसार ५ गिगाहर्ट्‌झवर उपकरण ३४ मायक्रोसेकंद शांतता आहे का ते पाहते, मग ० ते १५ मधला एक आकडा मनाशी धरून ९–९ मायक्रोसेकंदांचे टप्पे उलटे मोजते, आणि मधेच दुसरे कोणी बोलू लागले तर मोजणी तिथेच थांबवते. रेडिओला स्वतः बोलत असताना दुसऱ्याचे ऐकू येत नाही, म्हणून टक्कर झाल्याचे त्याला पोच न आल्यावरच कळते. मग पुढच्या खेपेला आकडा ० ते ३१ मधून, त्यानंतर ० ते ६३ मधून, असा वाढत १०२३ पर्यंत जातो. माझा १५० मिलिसेकंदांचा पिंग म्हणजे बहुतांशी हे ताटकळणेच होते.

ताटकळायला लावत कोण होते? २.४ गिगाहर्ट्‌झवर मोबाइलमधल्या अॅपने आमच्या हॉलमधून २३ नेटवर्क दाखवली, त्यांतली ११ एकट्या चॅनेल ६ वर होती. प्रत्येक राऊटर सेकंदाला सुमारे दहा वेळा ‘मी इथे आहे’ अशी घोषणा करतो, आणि जुन्या उपकरणांनाही ती कळावी म्हणून बहुतेक राऊटर ती १ एमबीपीएस या गोगलगायीच्या वेगाने करतात. अडीचशे बाइटांच्या घोषणेला त्या वेगाने दोन मिलिसेकंदांहून अधिक लागतात. अकरा नेटवर्कांचा हिशेब मांडला, तर कोणीही काहीही पाहत नसताना चॅनेलचा पाचवा हिस्सा नुसत्या हजेरीत जातो. मग मी शहाणपणा करून ओस पडलेला चॅनेल ३ निवडला आणि हाल आणखी वाढले. चॅनेलांचे मध्यबिंदू ५ मेगाहर्ट्‌झ अंतरावर असतात आणि रुंदी मात्र २० मेगाहर्ट्‌झ असते, म्हणून १, ६ आणि ११ एवढेच एकमेकांना धक्का न लावता राहतात. तीनवर बसलो की १ आणि ६ वाल्यांचे बोलणे आपल्याला कळत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो. कळले असते तर निदान पाळी तरी धरता आली असती. मी निमूटपणे ११ वर गेलो.

खरा चोर घरातच होता. बाल्कनीतल्या जुन्या कॅमेऱ्याला दोन भिंतींआडून सिग्नल इतका क्षीण मिळे, की तो १ एमबीपीएसवर घसरलेला असे. दीड हजार बाइटांचे माहितीचे एक पाकीट ५४ एमबीपीएसने पाव मिलिसेकंदाच्या आत जाते. कॅमेऱ्याला त्यासाठी १२ मिलिसेकंद लागत. वाय-फायचा नियम पाळ्या समान वाटतो, वेळ समान वाटत नाही. सार्वजनिक नळावर प्रत्येकाने एकच भांडे भरावे असे ठरले आणि एकाने हंड्याऐवजी चिंचोळ्या तोंडाची सुरई आणली, तर मागच्या साऱ्या रांगेचे जे होईल, तेच आमच्या कॉलचे होत होते. टीव्हीमागे दडवलेला राऊटर हॉलमधल्या कपाटावर ठेवला, तिथून बाल्कनीचे दार सरळ दिसते, आणि कॅमेरा २४ एमबीपीएसवर स्थिरावला. आठ महिन्यांतला सर्वांत मोठा फरक या फुकटच्या बदलाने पडला.

सेटिंग्जबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे माझा बराच वेळ वाया गेला. स्वयंपाकघरातला फोन आणि बाल्कनीतला कॅमेरा यांना एकमेकांचे ऐकू येत नाही, राऊटरला मात्र दोघांचेही येते. दोघांनाही शांतता वाटते आणि दोघेही एकदम बोलतात. यावर आधी परवानगी मागण्याचा उपाय आहे, म्हणून मी राऊटरमधली आरटीएसची मर्यादा, म्हणजे किती बाइटांहून मोठ्या पाकिटासाठी अशी परवानगी मागायची तो आकडा, २३४७ वरून ५०० वर आणली आणि ‘एअरटाइम फेअरनेस’ही (पाळ्यांऐवजी वेळ समान वाटण्याची सोय) चालू केले. दोन्ही निष्फळ ठरले. ही दोन्ही कळसूत्रे राऊटर स्वतः जे पाठवतो त्यालाच आवर घालतात, आणि कॅमेरा तर सतत वर पाठवत असतो. विक्रेत्याच्या मदत केंद्राने तीनदा राऊटर बंद करून चालू करायला लावले, ते वेगळेच.

दुसऱ्यांनी केव्हा बोलावे हे राऊटरने सांगण्याची सोय वाय-फाय ६ मध्ये खरोखरच आहे. ओएफडीएमए पद्धतीत तो २० मेगाहर्ट्‌झच्या चॅनेलचे नऊपर्यंत तुकडे करून तितक्या उपकरणांना एकाच वेळी बोलू देतो. याचसाठी मी जास्तीचे पैसे मोजले होते. पण ही शिस्त फक्त वाय-फाय ६ च्या उपकरणांना कळते, आणि आमच्याकडे तशी दोनच आहेत, दोन्ही फोन. प्रिंटर, टीव्ही, कॅमेरा आणि बायकोचा ऑफिसचा लॅपटॉप जुन्याच रीतीने आकडे मोजत उभे असतात. त्यामुळे आजच्या घडीला या सुविधेला मी दहापैकी तीनच गुण देईन.

५ गिगाहर्ट्‌झवर मात्र समाधान आहे. भिंती सिग्नल अडवतात ही त्याची उणीव सांगितली जाते, पण त्याच भिंती शेजाऱ्यांनाही अडवतात, म्हणून तिथे रांगच लहान असते. मायक्रोवेव्हचा त्रासही तिथे नाही, तो २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास चालतो, आणि आमच्याकडे दूध तापत असताना २.४ वरचा राऊटर त्या भट्टीचे बोलणे संपण्याची वाट पाहत बसे. एकच खबरदारी घ्यावी लागली. स्वयंचलित निवडीत राऊटर चॅनेल १०० वर गेला, कधीतरी त्याला रडारची चाहूल लागल्याचा भास झाला आणि भर बैठकीत नेटवर्क मिनिटभर नाहीसे झाले, कारण हे चॅनेल रडारही वापरतात, रडार आढळताच ते सोडावे लागतात आणि अशा नव्या चॅनेलवर बोलण्याआधी ६० सेकंद नुसते ऐकावे लागते. आता मी तो १४९ वर कायम केला आहे आणि रुंदी ८० मेगाहर्ट्‌झ ठेवली आहे.

टीव्ही आता केबलवर आहे, आणि रात्री नऊला पिंग बहुधा १० ते १५ मिलिसेकंद असतो. कॅमेऱ्यासाठीही बाल्कनीपर्यंत केबल ओढायची आहे, पण खिडकीच्या चौकटीला भोक पाडायला घरून अजून परवानगी मिळालेली नाही.