गिटारच्या नेकचे आटे गेले: काडी, खुंटी की पितळी इन्सर्ट?

गिटारची नेक, म्हणजे लांब दांडा, बॉडीला जोडणारा स्क्रू घट्ट होत होत एकदम सैल पडला आणि नुसताच गरगर फिरायला लागला, की समजायचं आटे गेले. पण सैल भोक नेमकं कुठलं, ते आधी बघा. बॉडीतलं भोक सैलच हवं. स्क्रूने तिथून नुसतं आरपार जायचं असतं, पकड घ्यायची ती नेकच्या लाकडात. बॉडीचंच भोक बुजवत बसलेला एक शहाणा मी सांगलीत पाहिलाय. तो मीच.

जास्त लांबीचा स्क्रू हा उपाय डोक्यातून काढा. फ्रेटबोर्ड (वरची, बोटांनी तारा दाबायची पट्टी) धरून नेकची टाच, म्हणजे बॉडीत बसणारं टोक, जेमतेम २५ मिमी जाड असते. टोक वर फ्रेटबोर्डातून डोकावलं की संपलं.

काडी आणि फेविकॉल: खर्च जवळपास शून्य. आगपेटीच्या काडीपेक्षा बांबूची टूथपिक बरी, काडीचं लाकूड फार मऊ. भोकात ठासून भरा, दिवसभर वाळू द्या, मग स्क्रू. एकदा बसवून विसरून जायचं असेल तर पुरे. पण जुन्या धर्तीच्या फेंडर स्ट्रॅट गिटारसारखा ट्रस रॉडचा (नेकचा बाक ठीक करणाऱ्या आतल्या सळईचा) नट टाचेकडे असेल, तर पावसाळ्यात नेक वाकली की त्या नटापर्यंत पोहोचायला ती सोडवावीच लागते. अशी दोन-तीनदा उघडझाप झाली की काडी दमते.

खुंटी: माझं मत हिला. भोक ८ मिमीचं करून त्यात कडक लाकडाची खुंटी चिकटवायची आणि मधोमध ३ मिमीचं नवं भोक पाडायचं. ड्रिल बिटला १६ मिमीवर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर वर सांगितलेलाच अपघात. मी फर्निचरची बीचची तयार खुंटी घेऊन मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलो होतो. कारागिराने ती फिरवून टोक दाखवलं. "हिच्या रेषा उभ्या, तुमचा स्क्रूपण उभा. आडव्या रेषांत शिरला तर जास्त धरंल." मग त्यांनी एका कडक तुकड्यातून आडव्या रेषांची गुल्ली काढून दिली. ती बसवताना तिच्या रेषा नेकच्या रेषांशी जुळवायच्या. तयार खुंटीही चालते, ही जास्त टिकते. सागाची करणार असाल तर आधी थिनरने पुसा. साग तेलकट, गोंद नीट धरत नाही.

पितळी इन्सर्ट (लाकडात पिळून बसवायची, आतून आटे असलेली नळी): प्रवासासाठी नेक सारखी काढणाऱ्यांनाच. आटे धातूचे, झिजायचा प्रश्न नाही. पण नेकचं मेपल लाकूड टणक, पितळ मऊ. पिळताना इन्सर्टची खाच तुटते, आणि तो तिरका गेला तर चारही स्क्रू जुळत नाहीत. ड्रिल स्टँडशिवाय हात लावू नका.

काहीही निवडा, स्क्रूला मेणबत्ती घासा आणि पुढे पुन्हा बसवताना आधी उलटा फिरवा. 'टक्' करून जुन्या आट्यात पडला की मगच आवळा.