फोटो प्रिंटरचे हेड अडले: साफ करावे, बदलावे की नवा प्रिंटर घ्यावा?

सहा रंगांच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेल्या फोटोत आडव्या पांढऱ्या रेषा दिसू लागल्या किंवा चेहऱ्यांवर हिरवट झाक आली, की ‘हेड (शाईचे थेंब कागदावर फेकणारा भाग) गेले’ असे निदान फार लवकर केले जाते. पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे अल्बम छापणाऱ्या लहान स्टुडिओंसमोर मग तीन वाटा उरतात: हेड साफ करणे, हेड बदलणे किंवा प्रिंटरच बदलणे. या वाटांच्या खर्चात मोठे अंतर असल्यामुळे आधी दोष खरोखर हेडमध्ये आहे का, हे ठरवणे आवश्यक आहे.

त्यासाठी नोझल चेकचा कागद, म्हणजे हेडमधील शाईची सूक्ष्म छिद्रे (नोझल) चालतात का हे दाखवणारा प्रिंटरचा चाचणी-नमुना, नीट वाचता आला पाहिजे. एप्सनच्या एल८०५ या सहा रंगांच्या प्रिंटरमध्ये प्रत्येक रंगासाठी ९० नोझल असतात आणि प्रत्येक नोझलची बारीक रेघ या नमुन्यात स्वतंत्रपणे दिसते. दर वेळी त्याच जागेवरच्या रेघा गायब असतील, तर तिथे शाई वाळून बसली आहे असे समजावे. क्लीनिंगनंतर, म्हणजे प्रिंटरने हेडमधून शाई ओढून ते साफ केल्यानंतर, गायब रेघा जागा बदलत असतील, तर बहुधा नळीत किंवा डॅम्परमध्ये (हेडला शाई पोचवणाऱ्या लहान कुपीत) हवा शिरलेली असते. नमुना पूर्ण येतो, परंतु ए४ फोटोच्या मध्यावर एखादा रंग फिका पडत जातो, अशा वेळी शाईचा पुरवठा कमी पडतो आहे आणि हेड निर्दोष असण्याची शक्यता अधिक आहे. पिवळ्या रंगातील खंड साध्या उजेडात सहज निसटतात. मोबाईलचा पडदा पूर्ण निळा करून त्याच्या उजेडात कागद धरला, तर पिवळ्या रेघा गडद दिसतात आणि तुटलेल्या जागा उघड होतात. फिकट मजेंटाकडे (गुलाबीसर शाईकडे) विशेष लक्ष द्यावे, कारण त्वचेच्या छटा बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असतात आणि हिरवट चेहऱ्यांचे मूळ अनेकदा तिथेच सापडते. नोझल चेक निर्दोष असूनही फोटो बिघडत असेल, तर कागदाचा प्रकार चुकीचा निवडला गेला आहे का आणि हेड अलाइनमेंट (हेडची जुळणी) ढळले आहे का, हे पाहावे. तेव्हा क्लीनिंग करणे म्हणजे शाई वाया घालवणे होय.

पुढचा निर्णय हेडच्या जातीवर ठरतो. एप्सनच्या हेडमध्ये विजेच्या दाबाने वाकणारा पिझो घटक शाईचा थेंब ढकलतो. त्यात शाई तापवली जात नाही आणि हे हेड प्रिंटरच्या आयुष्यभरासाठी बसवलेले असते. कॅननच्या हेडमध्ये सूक्ष्म हीटर शाई तापवतो आणि त्यातून तयार झालेला बुडबुडा थेंब बाहेर फेकतो. शाई नसताना छपाई चालू राहिली, तर हा हीटर जळू शकतो आणि जळालेले नोझल कितीही धुतले तरी परत येत नाही. मात्र जी५७० सारख्या सहा रंगांच्या टाकीवाल्या कॅननमध्ये हेड वापरकर्त्याला स्वतः बदलता येते. म्हणजे पिझो हेड सोशिक परंतु बदलायला अवघड, तर तापणारे हेड नाजूक परंतु बदलायला सोपे.

प्रिंटरच्या स्वतःच्या क्लीनिंगपासून सुरुवात करावी. त्यात धोका सर्वांत कमी आहे. परंतु एल८०५ ची वाहतूक-कुलपाची खटकी छपाईच्या स्थितीत आहे ना, हे त्याआधी पाहावे, कारण प्रिंटर एका जागेवरून दुसरीकडे नेल्यावर ती फिरवायची राहिली, तर शाई पोहोचतच नाही. नोझल चेक आणि क्लीनिंग तीनदा करूनही फरक पडला नाही, तर किमान १२ तास प्रिंटर तसाच राहू द्यावा. हवा वर सरकायला आणि वाळलेली शाई भिजायला हा वेळ उपयोगी पडतो, हे घाईत असलेल्या माणसाला पटवणे कठीण असते. ‘पॉवर इंक फ्लशिंग’ ही प्रिंटरचीच मोठी सफाई नळ्यांमधली सगळी शाई बदलते. म्हणून त्यापूर्वी प्रत्येक टाकी किमान एक तृतीयांश भरलेली असावी. हवेच्या दोषावर हा उपाय चांगला आहे, तर वाळलेल्या शाईवर तो महाग पडतो. शिवाय दर क्लीनिंगची शाई वेस्ट पॅडमध्ये (वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत) साचते आणि त्याचा काउंटर भरला की प्रिंटर थांबतो.

हाताने साफ करण्याची वाट स्वस्त आहे, परंतु ती चुकली तर सर्वांत जास्त नुकसान करते. हेडला हात लावण्यापूर्वी ते जिथे विसावते ती कॅप तपासावी. तिच्या रबरी कडेवर शाईचे थर किंवा केस अडकला असेल, तर कॅपमधून शाई ओढणाऱ्या पंपाला ओढ मिळत नाही आणि क्लीनिंग करूनही काही हाती लागत नाही. कड ओल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून, कॅपच्या स्पंजवर डिस्टिल्ड वॉटरचे काही थेंब टाकून, हेड रात्रभर त्यावर ठेवावे. माझ्या मते घरी करण्याजोगे काम येथेच संपते. सिरिंजने जोर लावला तर हेडच्या आतील जोड फाटून रंग एकमेकांत मिसळू शकतात आणि पाणी चपट्या केबलपर्यंत गेले तर मदरबोर्डही जातो. कॅननचे सुटे हेड बाहेर काढून कोमट ओल्या टिश्यूवर नोझलची बाजू टेकवून ठेवता येते, मात्र विजेचे संपर्कबिंदू पूर्ण कोरडे झाल्याखेरीज ते परत बसवू नये.

नव्या हेडचा विचार करताना दोन्हींचे गणित वेगळे होते. कॅननच्या सुट्या हेडला कारागिराची मजुरी लागत नाही. तरीही पडद्यावर बी२०० हा चुकीचा संकेतांक (एरर कोड) येत असेल, तर ती हेडच्या व्होल्टेज किंवा तापमानाशी संबंधित असल्याने मदरबोर्डही तपासून घ्यावा, अन्यथा नवे हेडही जळू शकते. एप्सनमध्ये हेडच्या किमतीवर मजुरी येते, हेडचा ओळखक्रमांक सॉफ्टवेअरमधून भरून घ्यावा लागतो, आणि बाजारात धुऊन पुसून नवे म्हणून विकलेली जुनी हेडेही असतात. त्यामुळे बदललेल्या हेडचा नोझल चेक आपल्यासमोर काढून घ्यावा आणि हमी लेखी मागावी. एकूण खर्च नव्या प्रिंटरच्या निम्म्याच्या वर जात असेल आणि वेस्ट पॅड व पंपही जुने असतील, तर मी त्या यंत्रावर पैसे घालणार नाही.

नवे यंत्र घेताना रोज किती छपाई होणार, हा प्रश्न निर्णायक ठरावा. रोज फोटो निघत असतील तर एल८०५ नंतर आलेल्या एल८०५० सारखे पिझो यंत्र योग्य आहे. आठवड्यातून एखाद्या दिवशीच छपाई होत असेल, किंवा गावात अधिकृत सेवा केंद्र नसेल, तर हेड स्वतः बदलता येणारे यंत्र घ्यावे. भारनियमन असलेल्या भागात दोन्हींना यूपीएस लागेलच, कारण वीज मध्येच गेली की हेड कॅपवर न जाता उघडेच राहते. आणि भिंतीवरील विजेच्या बोर्डाचे बटण बंद करण्याऐवजी प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा, एवढे दुकानातील प्रत्येकाला सांगून ठेवावे.