लास्ट प्लॅनर पद्धत: बांधकामाच्या साइटवर काही महिने वापरल्यानंतर

लास्ट प्लॅनर म्हणजे प्रत्यक्ष काम करून घेणाऱ्या मुकादमाच्या शब्दावर आठवड्याचं नियोजन करायची पद्धत. मत आधीच सांगून टाकतो. सहा आठवडे पुढचं नियोजन आणि अडथळ्यांची यादी, या दोन गोष्टींवरच ही पद्धत वसूल होते. बाकीचं निम्मं कर्मकांड वगळलं तरी चालतं.

बार चार्ट आणि क्रिटिकल पाथ (ज्यातलं एक काम लांबलं की सगळा प्रकल्प लांबतो, ती कामांची साखळी) फेकून द्यायचे नाहीत. लिफ्ट किंवा ट्रान्सफॉर्मरची ऑर्डर कधी द्यायची, हे त्यातूनच कळतं. पण येत्या मंगळवारी फिटर, म्हणजे सळई बांधणारा, रिकामा बसणार का, हे तो चार्ट सांगत नाही. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत मांडली ती नेमकी याच जागेसाठी.

नियम साधा आहे: ड्रॉइंग, माल, माणसं, जागा, यंत्रं आणि आधीचं काम हे सगळं तयार असल्याशिवाय कुठलंही काम आठवड्याच्या यादीत येत नाही. तारीख इंजिनिअर देत नाही, काम करून घेणारा मुकादम देतो. आठवड्याअखेरी कबूल केलेल्यांपैकी किती कामं पुरी झाली, त्याची टक्केवारी काढायची. नव्वद टक्के झालेलं काम म्हणजे शून्य. यावर पहिले काही आठवडे भांडणं होतात, होऊ द्यावीत.

‘शनिवारी स्लॅब’ असं लिहिलेलं काम इथे चालत नाही. बीमचे तळ, साइड, प्लेटा, खालची जाळी, इलेक्ट्रिकचे पाइप आणि फॅन बॉक्स, प्लंबिंगचे स्लीव्ह, वरची सळई, तपासणी, मग आरएमसी (प्लांटवरून येणारं तयार काँक्रीट), असं फोडावं लागतं. हमखास गडबड होते ती खालच्या आणि वरच्या जाळीच्या मध्ये. वायरमन उशिरा येतो, तोवर फिटरने वरची सळई बांधलेली असते. मग ती उचकटून पाइप घुसवले जातात, कव्हर ब्लॉक (सळई शटरिंगपासून वर धरणारे ठोकळे) सरकतात आणि शटरिंग काढल्यावर स्लॅबच्या पोटात सळई दिसते. वायरमनचा अर्धा दिवस वेगळं काम म्हणून लिहिला की हे बरंच टळतं. फॅन बॉक्सच्या जागांचं ड्रॉइंग कोण, कधी देणार, हे मात्र तीन आठवडे आधी अडथळ्यांच्या यादीत हवं.

टेकूंचा हिशेबही इथेच उघडा पडतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखाली टेकू ७ दिवस ठेवायचे, सहा मीटरपेक्षा मोठ्या बीमखाली २१ दिवस. मिश्र सिमेंट असेल तर त्याहून जास्त. टेकूंच्या एकाच संचावर दहा दिवसांत मजला दाखवणारा चार्ट कागदावरच राहतो.

टक्केवारीवर बिल कापायला लागलात की पद्धत मेली. मुकादम लगेच सोपी आणि थोडी कामं कबूल करतो आणि आकडा नव्वदवर जातो, इमारत तिथेच. खरा रकाना ‘का झालं नाही’ हा. त्यात सात-आठच ठरावीक कारणं ठेवा. एकच कारण पुन्हापुन्हा आलं, तर ते मुकादमाच्या पातळीवर सुटणारं नसतं. बहुतेकदा ते आर्किटेक्टकडे किंवा मालकाकडे अडकलेलं असतं आणि नेमके हेच दोघं मीटिंगला नसतात. त्यांचा माणूस येणार नसेल, तर सुरूच करू नये.

पेरणीला किंवा सणाला लेबर गावी जातं, तेव्हा मुकादमाच्या शब्दाला अर्थ उरत नाही. ते आठवडे मास्टर प्लॅनमध्येच हलके धरावेत. दोन गवंड्यांच्या बंगल्याला यातलं काहीच नको, सकाळचं बोलणं पुरतं.

सॉफ्टवेअर घेऊ नका. प्रत्येक प्रकारच्या कारागिरांना एका रंगाची चिठ्ठी आणि सॉफ्ट बोर्ड बस्स. प्लास्टर न केलेल्या भिंतीवर चिठ्ठ्या टिकत नाहीत, टाचण्याच लागतात.