दादरची सेमी-इंग्रजी शाळा: गणित चोख, लॅब कुलपात

दादर-परळ पट्ट्यातली ही जुनी अनुदानित शाळा. माध्यम मराठी, पाचवीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. फाटकावर ‘उद्याच्या जगासाठी सज्ज विद्यार्थी’ असा फलक आहे. तो सोडा, सातवीचा गणिताचा तास बघा.

सेमीच्या मुलांचं घोडं आकडेमोडीत अडत नाही, वाक्यात अडतं. ‘फाइव्ह लेस दॅन एक्स’ ऐकलं की शब्द ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने मुलं ‘५ वजा एक्स’ मांडतात. मराठीत ‘एक्सपेक्षा ५ने कमी’ म्हणताना एक्स आधी येतो, म्हणून तेच मूल ‘एक्स वजा ५’ बरोबर लिहितं. इथे शाब्दिक उदाहरण आधी इंग्रजीत मोठ्याने वाचतात, मग कुणीतरी एक जण ते मराठीत सांगतो, समीकरण त्यानंतर. तासाला जेमतेम चार उदाहरणं होतात. क्लासवाल्यांना हा वेग सोसणार नाही, पण वह्यांमधली खाडाखोड बघितली की त्याचा फायदा कळतो. फळ्यावर एलसीएमशेजारी लसावि लिहिलेला असतो, तोही पुसत नाहीत.

विज्ञानात ही शिस्त नाही. फोटोसिंथेसिसचं स्पेलिंग तोंडपाठ, पण झाड नेमकं काय करतं ते मराठीत सांगताना गाडी अडते.

परिपाठ सगळीकडे असतो तसाच, घाईत उरकलेला. त्यापेक्षा जिन्याखालचं वह्या-पेन्सिलींचं कपाट बघा. तिथे विकायला कुणी बसत नाही. वस्तू घ्यायची, रजिस्टरात लिहायचं, डब्यात पैसे टाकायचे. शुक्रवारी मुलंच हिशोब जुळवतात. तूट आली तर परिपाठात फक्त रक्कम सांगतात, संशयितांची नावं नाहीत.

निराशा केली ती अटल टिंकरिंग लॅबने, म्हणजे मुलांनी स्वतः हाताने वस्तू जोडून-बनवून बघायच्या प्रयोगशाळेने. नीती आयोगाच्या या योजनेत शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, सहावी ते बारावीसाठी. इथला थ्रीडी प्रिंटर ‘बिघडलाय’ म्हणून कपाटात बंद. बहुधा बिघाड प्रिंटरचा नसून पीएलएच्या, म्हणजे ज्या प्लास्टिकच्या धाग्याने तो छापतो त्याच्या, उघड्या रिळाचा असावा. मुंबईच्या पावसाळ्यात हा धागा दमट हवा शोषतो. मग नॉझलपाशी, म्हणजे वितळलेला धागा बाहेर पडतो त्या तोंडाशी, चटचट आवाज येतो, थर तुटक पडतात, धागा ठिसूळ होऊन मध्येच तुटतो. झाकण घट्ट बसणारा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, खर्च एवढाच. आर्डुइनोच्या (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) एका किटवर पाच-सहा मुलं म्हणजे एक जण जोडणार, बाकीचे बघणार. एलईडीला रोधक (रेझिस्टर) लावायचा विसरून तो जाळणारं मूल दिसलं तर खूश व्हा, म्हणजे निदान हात तरी लावू देतात. लॅब बघायला जुलैत जा, प्रदर्शनाच्या दिवशी नको.

प्रवेशाचं: पहिलीसाठी ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण हवीत. मिळणारी तुकडी अनुदानित की विनाअनुदानित, हे पैसे भरण्याआधी ऑफिसात विचारून घ्या. एकाच इमारतीत दोन्ही भरतात आणि फी निराळी असते.