झाकण: पेटीतून कापलेलं की वेगळं केलेलं?

दागिन्यांसाठी सागवानी पेटी करायची तर झाकणाचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग धाडसाचा. सहाही बाजू सरसाने जोडून पेटी आधी पूर्ण बंद करायची आणि मग चारही बाजूंनी कापून झाकण सुटं करायचं. लाकडाच्या रेषा पेटीवरून झाकणावर सलग जातात, ते देखणेपण दुसऱ्या कशात नाही. करवतीच्या जाडीएवढं, मशीनवर साधारण 3 मिमी, लाकूड भुशात जातं. उंची ठरवताना ते आधीच धरावं. शेवटच्या दोन बाजू कापताना आधीच्या फटींत तेवढ्याच जाडीच्या चिपा घालाव्यात, नाहीतर झाकण खाली दबून करवत धरतं. मी एकदा कंटाळा केला. काठावर पडलेली पायरी पॉलिश पेपरने घासता घासता झाकण पार बारीक झालं. झाकण सुटं झाल्यावर पेटीला आतून पातळ पट्ट्या बसवायच्या, काठाच्या 5 मिमी वर येतील अशा. झाकण त्यांवर अलगद बसतं.

दुसऱ्या मार्गात वेगळी फळी घेऊन खालून कडेने खाच मारायची, म्हणजे मधला भाग पेटीत उतरतो. चूक झाली तर फक्त फळी बदला. सागवानावर शिसवीचं काळपट झाकणही शोभतं. पण अखंड फळी पावसाळ्यात रुंदीत फुगते. उन्हाळ्यात घट्ट बसवलेलं झाकण श्रावणात उघडत नाही, म्हणून रुंदीच्या बाजूंना किंचित फट ठेवावी.

पहिलीच पेटी असेल तर वेगळं झाकण करा. मला स्वतःला मात्र कापलेलंच आवडतं.