आयकर विवरणपत्र: स्वतः भरावं की सीएकडे द्यावं?

एकच नोकरी, बँकेचं व्याज, उत्पन्न 50 लाखांच्या आत असेल तर आयटीआर-1 (विवरणपत्राचा सगळ्यात साधा फॉर्म) स्वतःच भरा. आयकर पोर्टलवर आधीच भरलेली माहिती फॉर्म 16 (कंपनीने दिलेला पगार आणि कापलेल्या कराचा दाखला), 26एएस (तुमच्या नावावर जमा कराची नोंद) आणि एआयएस (तुमच्या वर्षभरातल्या आर्थिक व्यवहारांची यादी) यांच्याशी ताडून पाहा. मुदत ठेवीचं व्याज हमखास राहून जातं. वर्षात नोकरी बदलली असेल तर जपून: दोन्ही कंपन्यांनी करमुक्त मर्यादा आणि स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून मिळणारी ठरावीक वजावट) आपापलं धरलेलं असतं, म्हणून शेवटी कर निघतो. विवरणपत्र भरल्यावर 30 दिवसांत ई-व्हेरिफाय (ऑनलाइन पडताळणी) कराच.

एफ अँड ओ (शेअर बाजारातले फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे) किंवा परदेशी शेअर्स असतील तर सरळ सीए गाठा. एफ अँड ओ म्हणजे करासाठी व्यवसाय, सहसा आयटीआर-3 लागतो, आणि मुदत हुकली की तोटा पुढच्या वर्षांत ओढता येत नाही. मात्र सीएला पडताळणीचा ओटीपी देण्याआधी विवरणपत्राचा मसुदा वाचा. खोट्या वजावटीची नोटीस तुमच्याच नावावर येते.