मोनो आणि मेट्रो १: एकाच वर्षाच्या दोन गाड्या

मुंबईत २०१४ साली दोन नव्या गाड्या सुरू झाल्या. फेब्रुवारीत चेंबूर-वडाळा मोनोरेल, जूनमध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो. मेट्रोचा मार्ग जेमतेम ११.४ किलोमीटरचा, पण अंधेरी आणि घाटकोपर या दोन्ही ठिकाणी लोकलला जोडलेला. संध्याकाळी घाटकोपरच्या पुलावर उभं राहा, गर्दीच तुम्हाला पुढे नेते. उलट मोनोत खिडकीची जागा हमखास मिळायची. दृश्य छान, डबा रिकामा!

खरी गोम सुट्या भागांत आहे. मोनोचे डबे मलेशियन कंपनीचे, तिच्याशी असलेला करार २०१८च्या डिसेंबरात संपवला गेला. मग भाग आणायचे कुठून? मोनोचे उत्पादक जगातच मोजके. गाड्या कमी पडल्या, फेऱ्यांमधलं अंतर वाढलं, उरलेसुरले प्रवासीही बसकडे वळले. २०१९मध्ये मार्ग संत गाडगे महाराज चौकापर्यंत वाढवूनही फारसा फरक पडला नाही. २०२५च्या सप्टेंबरात सेवाच थांबवावी लागली.

मेट्रोचा हिशेबही सुखाचा नाही, तोटा तिलाही झाला, चार डबे तर केव्हाच अपुरे पडले. पण ती बंद पडली तर अंधेरीत हाहाकार उडेल. मोनो थांबली तेव्हा तसं काही झालं नाही.